मूळ गाव शिमोनोसेकी

धुळे, ४ जून २००२, दुपारचे अडीच

तुम्ही अकरा वर्षांचे आहात. अंगात बनियन, खाली शाळेचीच खाकी चड्डी. मामांच्या पुढच्या खोलीत फरशीला पोट टेकवून पालथे पडला आहात, कारण या घरात दुपारी तेवढी एकच गोष्ट गार असते. खिडकीतल्या कूलरमध्ये मामींनी आत्ताच दुसरी बादली ओतलीय आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरलाय. बाहेर आग्रा रोडवर चिटपाखरू नाही. मृग लागायला तीन-चार दिवस आहेत. सुट्टी संपत आली, बाबा जळगावहून न्यायला येतीलच.

टीव्ही चालू आहे, आवाज बारीक. फुटबॉलचा वर्ल्ड कप एरवी आपल्याकडे रात्री-अपरात्री दिसतो. यंदा तो जपान आणि कोरियात आहे, म्हणून भर दुपारी आलाय. सैतामात संध्याकाळचे सहा, धुळ्यात अडीच. निळ्या कपड्यांत जपान, समोर बेल्जियम. तुम्हाला या खेळातलं एवढंच कळतं की चेंडूला हात लावायचा नाही.

मध्यंतरापर्यंत काहीच घडत नाही, तुमचा डोळा लागतो. जागे होता ते समालोचकाच्या ओरडण्यानं. बेल्जियमच्या विल्मोट्सनं हवेत उलटं होऊन गोल केलाय. पण दोनच मिनिटांनी जपानचा सुझुकी निसटत्या चेंडूमागे सगळं अंग ताणून झेपावतो, बुटाचं टोक तेवढं लागतं, आणि बरोबरी. मग इनामोतो नावाचा पोरगा बचाव फोडून आत घुसतो आणि दुसरा गोल करतो. त्याचे केस पिवळे रंगवलेले आहेत. अख्खं सैतामा उभं राहतं. तो आवाज बारीक केलेल्या टीव्हीतूनही मामांची झोप मोडतो.

"हाऊ कोन शे रे भो? पिवया केसना?"

"जपानना शे, मामा."

"गाव कोन्तं?"

मामांचा हा पहिला प्रश्न असतो, कुणाच्याही बाबतीत. दुकानात गिऱ्हाईक आलं, एसटीत शेजारी कुणी बसलं, भाचीला स्थळ आलं, पत्रिका नंतर, आधी गाव. गाव कळलं की मामा पाच मिनिटांत नातं काढतात. नाहीच निघालं तर त्या गावच्या बाजारात बैल घेतला होता एवढं तरी निघतं. इनामोतोचं गाव तुम्हाला सांगता येत नाही. मामांना ते खटकतं.

सामना २-२ असा सुटतो. तुम्हाला वाटतं, बरोबरीसाठी इतकं काय रडायचं? तिथली माणसं मात्र डोळे पुसताहेत. जपान याआधी एकदाच, १९९८ मध्ये, वर्ल्ड कपला गेला होता आणि तिन्ही सामने हरून परतला होता. आज त्यांना वर्ल्ड कपमधला पहिला गुण मिळालाय.

याच संध्याकाळी जपानमध्ये एकोणीस वर्षांचा आणखी एक पोरगा आहे. येत्या ३१ जुलैला तो वीस पूर्ण करील. जन्म शिमोनोसेकीचा, यामागुची प्रांतातलं समुद्रकाठचं शहर. आई जपानी. वडील भारतीय, गुजराती. घराच्या बाजूनं त्याला आणखी एक नाव आहे, नीलकंठ. जपानी नाव अराता इझुमी. जपानी भाषेत 'अराता' म्हणजे नवा. तो निळ्या जर्सीत नाही आणि कधी असणारही नाही. तुम्हाला त्याचं नाव ठाऊक नाही. आठ वर्षं थांबा.

पुणे, डिसेंबर २०१०

आता तुम्ही एकोणीसचे. बाळेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सिमेंटच्या पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसला आहात, हातात कागदाच्या पुडीत दाणे. हवेत थंडी आहे, पण जळगावसारखी नाही. तिथली थंडी बोचते, इथली नुसती हात लावून जाते.

पुण्यात येऊन सहा महिने झाले. जळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघायचं, औरंगाबादला मध्यरात्री चहा, उजाडताना शिवाजीनगर. पाठीला सॅक, हातात आईनं बांधून दिलेला डबा. घरमालकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "मूळचे कुठले?" तुम्ही म्हणालात, जळगाव. "म्हणजे खानदेश! केळी!" ते हसले, वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर खोलीतल्या मुलांनी तुमच्या तोंडचं 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' पकडलं, 'भो' पकडलं, आणि तुम्ही वाक्य तोंडातच दुरुस्त करून मग बाहेर काढायला शिकलात. बोलायला अर्धा क्षण उशीर व्हायला लागला.

एका संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर मुलं फुटबॉल खेळत होती, एक गडी कमी होता. कुणीतरी हाक मारली, "ए, खेळतोस? कुठे खेळतोस?" तुम्ही म्हणालात, "जळगावला." सगळं मैदान हसलं. त्याला जागा विचारायची होती. बचावात, मधल्या फळीत की पुढे? त्या दिवशी तुम्हाला कळलं की या खेळात 'कुठे' या शब्दाचा अर्थ निराळा असतो. त्यांनी तुम्हाला मागे उजवीकडे उभं केलं आणि तुम्ही दीड तास धावलात. घाम पुसताना कुणी तुमचं मराठी दुरुस्त केलं नाही. त्यांच्यातलाच एकजण आज तुम्हाला इथे घेऊन आलाय.

पुणे एफसी हा नवा क्लब. २००७ साली निघाला आणि २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा आला. टोपणनाव 'रेड लिझर्ड्स'. पुण्यात बसून ते ऐकलं की तुम्हाला चौथीच्या इतिहासातली घोरपड आठवते, कडा चढणारी. संघाचे प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू जरा लांब दिसतात. पायऱ्या अर्ध्याही भरलेल्या नाहीत. जे आलेत ते मात्र नावानिशी ओळखून आलेत.

"तो बघ, अराता."

समोरचा संघ कोणता, स्कोअर काय, ते आज लक्षात ठेवू नका. फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू त्याच्याकडे नसतानाचा तो बघा. आपला हल्ला फसलाय, चेंडू समोरच्या बाजूला गेलाय, पुढचे दोघं कमरेवर हात ठेवून उभे आहेत. हा मात्र मान खाली घालून मागे धावत सुटलाय, चाळीस मीटर, ज्या कोपऱ्यात त्याचं काम नाही तिथपर्यंत. पोहोचतो, समोरच्याच्या आणि गोलच्या मधे उभा राहतो. तेवढ्यानं समोरचा थबकतो, चेंडू परत मागे देतो, धोका टळतो. टाळी पडत नाही, कारण काही घडलेलंच नाही. तो वळतो आणि पुन्हा पुढे धावू लागतो.

तुमच्या मागच्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ आहेत, डोक्याला माकडटोपी. ते एकटेच टाळी वाजवतात. मग तुमचा मित्र वाजवतो, मग तुम्ही.

"जपानी आहे ना?" तुम्ही विचारता.

"हो. पण इकडचाच झालाय आता. आधी कोलकात्याला ईस्ट बंगालकडे होता, मग मुंबईला महिंद्रा युनायटेडमध्ये."

तुम्ही हिशेब करता. तो २००६ साली भारतात आला, तेव्हा तुम्ही दहावीच्या उंबऱ्यावर होतात. ज्या देशानं २००२ मध्ये वर्ल्ड कप भरवला त्या देशातून तो अशा देशात आला, जिथे फुटबॉलची बातमी क्रीडापानाच्या तळाशी येते. तुम्ही पाचशे किलोमीटरही लांब आलेला नाहीत आणि रोज तोंडातल्या तोंडात वाक्य दुरुस्त करता. हा समुद्र ओलांडून आलाय. त्याच्याही तोंडात अशी वाक्यं अडकत असतील. पायात मात्र अडकत नाहीत.

परतताना पीएमटीच्या खिडकीत वारा लागतो. तुम्ही मित्राला म्हणता, "भारी पळून राहिला होता, भो." दुरुस्त न करता. तो नुसतं "हो ना" म्हणतो.

पुणे, २०१२ चे शेवटचे महिने

तुमच्या हातात एक कागद आहे, महाराष्ट्राचा अधिवास दाखला. दिवाळीच्या सुट्टीत जळगावला सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून काढलाय. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, बाबांचं शपथपत्र, तलाठ्याचा शिक्का. तुम्ही इथलेच आहात हे सिद्ध करायला चार कागद लागले आणि तीन खेपा. तुमच्या आधीच्या कित्येक पिढ्या तापीच्या पाण्यावर जगल्या, तरी खेपा तीनच.

त्याच सुमारास बातमी येते. अराता इझुमी भारताचा नागरिक झाला.

इथे जरा थांबा. ही बातमी क्रीडापानावर दोन इंच जागा घेते, पण तिच्यातलं वजन हातात घेऊन बघण्यासारखं आहे.

भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. ज्यांचे आईवडील वा आजोबा-पणजोबा भारतीय होते त्यांना इथे राहायला, काम करायला खास कार्ड मिळतं, पण ते नागरिकत्व नव्हे. २००८ पासून केंद्र सरकारचं धोरण स्पष्ट आहे. भारताच्या संघातून खेळायचं तर भारताचा पासपोर्टच हवा, रक्ताचं नातं पुरत नाही. जपानचा कायदाही तितकाच कडक आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की जपानचं जातं. मधली वाट कुठेच नाही. एक हात सोडल्याशिवाय दुसरा धरता येत नाही.

जपानचा पासपोर्ट हातात असेल तर जगातल्या कितीतरी देशांचे दरवाजे व्हिसाशिवाय उघडतात. आपल्या पासपोर्टचं तसं नाही. ती तळहातात मावणारी वही त्यानं दिली. त्या वेळी तो तिशीचा होता. फुटबॉलमध्ये तिशी म्हणजे उतरणीची सुरुवात. भारताकडून तो फार तर दोन-तीन वर्षं खेळणार होता. क्लबच्या बाजूनं पाहिलं तर पुणे एफसीची परदेशी खेळाडूंसाठी राखलेली एक जागा मोकळी झाली, हे खरं. पण क्लबची सोय व्हावी म्हणून कुणी जन्मभराचा देश बदलत नाही.

तुमच्या खोलीत चर्चा होते. एकजण म्हणतो, "वेडा आहे, लोक उलटं करतात." तेही खरं आहे. तुमच्याच वर्गातले चौघं अमेरिकेच्या परीक्षेला बसलेत, जळगावच्या गल्लीतली दोन घरं मुलांकडे न्यू जर्सीला गेलीत. माणसं जातात, त्यात काही चूक नाही. पण ज्या दरवाजातून सगळे बाहेर पडताहेत त्यातून एकजण आत येतोय, आणि येताना परतीची चावी बाहेर ठेवून येतोय. तुम्ही त्या रात्री अधिवास दाखला पिशवीत ठेवताना पुन्हा एकदा वाचता. तुम्हाला तो मिळाला. त्यानं त्याचा मागून घेतला.

जळगाव, ७ फेब्रुवारी २०१३, गुरुवार

सकाळी घरी पेपर उघडता. आदल्या दिवशी कोचीत भारत आणि पॅलेस्टाइनचा मैत्रीपूर्ण सामना झाला. भारत हरला, २-४. प्रशिक्षक डच, विम कोव्हरमन्स. आणि निळ्या जर्सीत प्रथमच, अराता इझुमी. परदेशात जन्मून, तिथलं नागरिकत्व सोडून भारताकडून खेळणारा या काळातला पहिला फुटबॉलपटू.

सैतामातही जर्सी निळीच होती.

संध्याकाळी मळ्यावर भरीत आहे. चुलतबहिणीचं लग्न ठरलंय, पाहुणे आलेत, धुळ्याहून मामाही. हंगामाचं शेवटचं भरीत. भरताची वांगी हिरवट-पांढरी, हातभर, मऊ सालीची. बांधावर वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा जाळ केलाय आणि त्यात वांगी सरळ टाकलीत. साल काळी पडते, फुगते, एका जागी फुटून तिथून वाफ निघते, आणि त्या वाफेला जो धुराचा वास असतो तो गॅसवर भाजलेल्या वांग्याला येत नाही. बायकांनी सालं सोलली, गर लाकडी भांड्यात टाकून ठेचला, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, तेलाची सढळ फोडणी. बाजूला कळण्याच्या पुऱ्या टम्म फुगताहेत. केळीच्या पानावर पंगत बसलीय. पान तोडलं ते इथूनच, दहा पावलांवरच्या बागेतून.

तुम्ही मामांच्या शेजारी बसता आणि सांगू लागता. जपानचा एक खेळाडू आहे, आपला पासपोर्ट घेतला त्यानं, काल भारताकडून पहिल्यांदा खेळला.

"गाव कोन्तं?" मामा विचारतात.

आज तुमच्याकडे उत्तर आहे. "शिमोनोसेकी."

मामा ते नाव तोंडात घोळवतात. "नाव काय शे?"

"अराता. दुसरं नाव नीलकंठ."

मामांचा घास हातात राहतो. "नीलकंठ? आमच्या आळीत दोन नीलकंठ आहेत." मग वडिलांची गोष्ट निघते. वडील गुजराती हे ऐकून मामांना आणखी बरं वाटतं. धुळे-नंदुरबारच्या माणसाला गुजरात म्हणजे शेजारचं अंगण. तिकडची बोली कानाला सवयीची, व्यवहार रोजचा, सोयरिकीही झालेल्या. पाच मिनिटांत नातं काढण्याची मामांची जुनी कला इथेही चालते.

पण तुम्ही अडवता. "मामा, वडिलांमुळे नाही. वडील तर आधीपासून होतेच. त्यानं तिकडचं नागरिकत्व सोडलं. परत जायचं तर आता त्याला व्हिसा काढावा लागेल. आपल्याच जन्मगावी जायला."

मामा बराच वेळ बोलत नाहीत. जाळातल्या काड्या तडतडतात. मामा स्वतः साक्रीकडचे, दुष्काळात गाव सोडून धुळ्याला आलेले. तिथलं घर पडलं, जमीन विकली. अजून कुणी विचारलं तर ते गाव साक्रीकडचंच सांगतात. गाव सोडणं म्हणजे काय, ते या पंगतीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

"खेळस कसा?" ते शेवटी विचारतात.

तुम्ही बाळेवाडीचं ते धावणं सांगता. चेंडू नसताना, चाळीस मीटर, मागे.

"मंग तो आपलाच शे," मामा म्हणतात, आणि पानावरची पुरी मोडतात.

लोकप्रियता ही अशी असते. भारताकडून त्याचे सामने दहाच्या आतच झाले. त्याची पोस्टरं जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कधी लागली नाहीत, त्याच्या नावाचा टी-शर्ट धुळ्याच्या पाच कंदिलाजवळ कुणी विकला नाही. पण एका मळ्यावर, ज्यानं आयुष्यात मैदानावर जाऊन एकही फुटबॉल सामना पाहिलेला नाही, अशा माणसानं त्याला आपल्या पंगतीला बसवलं. त्या हंगामात पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. मामांना ती बातमी तुम्ही फोनवर सांगितलीत, आणि त्यांनी "आपला कसा खेळला?" असं विचारलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

धुळे, २० डिसेंबर २०१४

तीच पुढची खोली. कूलरच्या जागी आता खिडकी उघडी, थंडीचे दिवस. टीव्ही भिंतीवर गेलाय. इंडियन सुपर लीगचा पहिलाच हंगाम, आणि आज नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये अंतिम सामना आहे. एका बाजूला सचिन तेंडुलकर ज्याचा सहमालक तो केरळा ब्लास्टर्स, दुसऱ्या बाजूला सौरव गांगुली ज्याचा सहमालक तो ॲटलेटिको दी कोलकाता. घरातली सगळी मुलं सचिनच्या बाजूनं.

मामा कोलकात्याच्या बाजूनं आहेत. कारण विचारलं तर म्हणतात, "आपला पयले कोलकातामाच खेळे."

नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत मोहम्मद रफीक डोक्यानं गोल करतो, कोलकाता जिंकतं, १-०. मुलं हिरमुसतात. मामा उठून देवघरापाशी ठेवलेला पेढ्यांचा पुडा आणतात आणि सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवतात. सचिनच्या बाजूच्या मुलांनाही.

भराभर पुढे

पुढची वर्षं लवकर उलटा, कारण त्यांत फार थांबावंसं नाही. महिंद्रा युनायटेड, राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा जुना क्लब, २०१० मध्येच बंद झाला होता. २०१५ मध्ये पुणे एफसीनं वरिष्ठ संघ गुंडाळला. २०१६ मध्ये अराता पुन्हा पुण्यात आला, एफसी पुणे सिटीकडून बाळेवाडीलाच खेळला. २०१९ मध्ये तोही क्लब संपला. महाराष्ट्रातल्या या तीन क्लबांतला एकही आज नाही. बाळेवाडीच्या पायऱ्या आहेत, ट्रॅक आहे, पण माकडटोपीवाल्या गृहस्थांनी टाळी वाजवावी असा त्यांचा संघ नाही.

हे दुःख फक्त चाहत्याचं नाही. क्लब बंद होतो तेव्हा वयोगटाचे संघ विखुरतात, सरावाची वेळ आणि मैदान जातं. पंधरा वर्षांच्या पोराच्या आयुष्यातली दोन वर्षं जातात, आणि फुटबॉलमध्ये ती दोन वर्षं परत मिळत नाहीत. पुण्यासारख्या शहरात हे होतं, तर भुसावळ-जळगाव-धुळ्याच्या पोरानं कुणाकडे बघायचं?

अराता मात्र परत गेला नाही. २०१७-१८ च्या सुमारास केरळा ब्लास्टर्सकडून खेळून त्यानं बूट उतरवले आणि शिकवायला लागला. नवी मुंबईतल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या निवासी अकादमीत देशभरातून निवडून आणलेल्या पोरांचा तो प्रशिक्षक झाला. घरापासून लांब आलेली, हिंदी-इंग्रजी अडखळत बोलणारी पोरं, आणि समोर त्यांच्याहून लांबून आलेला माणूस. चेंडू नसताना कुठे धावायचं, ते तो दुसऱ्यांना सांगू लागला. क्लब गेले, तो राहिला. दिलेला पासपोर्ट त्यानं खेळण्यापुरता दिला नव्हता, हे यातून कळतं.

जळगाव, आज, संध्याकाळचे साडेपाच

प्रवास इथे संपतो. तुम्ही जिल्हा क्रीडा संकुलाच्या मैदानाकडेला उभे आहात, चौतिशी उलटलेली, नोकरी गावातच. मामा गेल्या वर्षी गेले. त्यांचा नातू सुट्टीला तुमच्याकडे आलाय, अकरा वर्षांचा. त्याला मैदान दाखवायला आणलंय. तो तुमच्या मागे अर्धा लपून मुलांचा खेळ बघतोय. इथली मुलं त्याला अनोळखी आहेत, आणि तो धुळ्याचा आहे हे त्याच्या पहिल्याच वाक्यात कळतं, ते त्यालाही ठाऊक आहे. तोंड मिटून आहे.

चेंडू गडगडत त्याच्या पायाशी येतो. तो उचलत नाही. हात लावायचा नाही एवढं त्याला कळतं. पायानं परत देतो, सरळ, बऱ्यापैकी जोरात.

मैदानातला एक मोठा मुलगा चेंडू थांबवतो आणि त्याच्याकडे बघतो. तुम्ही वाट बघता. तुमच्या ओठांवर मामांचा प्रश्न आपोआप आलेला असतो, कारण या मातीत तोच पहिला येतो.

मुलगा हाक मारतो, "ए, कुठे खेळतोस?"

मामांचा नातू तुमच्याकडे बघतो. त्याला वाटतं, गाव विचारलंय. तुम्ही वाकून त्याच्या कानात सांगता की ते गाव विचारत नाहीयेत, जागा विचारताहेत. कुठलीही सांग. मागे सांग, उजवीकडे. तिथे खूप धावायला लागतं.

तो चपला काढून तुमच्या हातात देतो आणि आत पळतो.